कराची ते जुहू : जहांगीर टाटा यांचें चरित्र

आमचें मूळ गांव आष्टी. आगगाडीनें परतूर स्टेशनावर उतरावें व तेथून पुढें सडकेनें जावें, असा त्याचा मार्ग आहे. उन्हाळ्याच्या सुटींत अंगणांत बाज टाकून निजलें असतां चांदण्यांमधून एक दिवा सरकत जातांना दिसतो, आणि तो बराच पुढें गेल्यावर त्याची घरघर मागाहून ऐकूं येते. अशाच एका रात्रीं शेजारच्या एका मुलानें आम्हांस विचारलें कीं, मुंबईहून लंडनास विमान किती तासांत जातें? आम्ही पडलों शिक्षक; उत्तर येत नाहीं असें म्हणण्याची आमच्या धंद्यास संवय नाहीं. मुंबई ते लंडन हें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर आहे, मोठें जेट विमान ताशीं सुमारें ९०० किलोमीटर चालतें. तेव्हां भागाकार करून आम्हीं ८ तास असें सांगून टाकलें. मुलगा नम्र होता. परंतु त्याचा चुलता मुंबईच्या विमानतळावर सामान चढविण्याच्या कामास आहे, व त्याच्या सांगण्याप्रमाणें जातांना साडेनऊ ते दहा तास लागतात आणि येतांना नऊच्या आसपास, असें त्यानें हळूच सांगितलें. एकाच वाटेनें जाण्यास एक वेळ व येण्यास दुसरा, हें कसें, याचा उलगडा आम्हांस त्या रात्रीं करतां आला नाहीं.

शाळा उघडल्यावर आम्हीं प्रथम वर्गांतील पृथ्वीचा गोल काढला. मुंबईवर व लंडनावर टांचणी धरून दोरा ताणला, तों तो भिंतीवरच्या नकाशावरून वाटतो त्याहून पुष्कळ उत्तरेकडून, इराण, कॉकेशस पर्वत व युक्रेन यांवरून गेला. गोलावरील दोन बिंदूंमधील अगदीं जवळची वाट सपाट कागदावर वांकडी दिसते, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः दोरा ताणून पाहण्याजोगें आहे. पण विमानास या दोऱ्यावरून नेमकें जातां येत नाहीं. कोठें लढाई चालू असते, कोठें परक्या राज्याची मनाई असते. म्हणून वळसे पडतात. चढण्याउतरण्याचा वेळ निराळा. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान ओघ वाहत असतो. युरोपाकडे जाणाऱ्यास तो समोरून लागतो व परतणाऱ्यास पाठीमागून ढकलतो. चुलत्याचा हिशेब बरोबर होता. आष्टीस पत्र लिहून आम्हीं त्या मुलास तसें कळविलें.

या धुंडाळणींत आमच्या हातीं एका थोर पुरुषाची हकीकत आली. दोन गांवांमधील अंतर व तें तोडण्यास लागणारा वेळ, या एका त्रैराशिकाभोंवतीं त्याच्या आयुष्याचा फार मोठा भाग फिरला. त्याचें नांव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पोलादाचा कारखानदार म्हणून त्यांस सारे ओळखतात. आम्ही येथें त्यांच्याकडे वैमानिक म्हणून पाहणार आहों.

जहांगीर यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील रतनजी दादाभाई हे नवसारीकडील पारशी. जमशेदजी टाटा यांच्या नात्यांतले व पेढींतले भागीदार. आई सूझान ही फ्रेंच बाई; लग्नानंतर तिचें नांव सूनी असें ठेवण्यांत आलें. पांच भावंडांत जहांगीर दुसरे. घर धड एका देशांत नव्हतें. कांहीं वर्षें फ्रान्सांत, कांहीं मुंबईंत, मध्यंतरीं जपानांत योकोहामा येथें, अशी मुलांची शाळा बदलत जाई. मुंबईंत ते कॅथीड्रल शाळेंत शिकले. घरची भाषा फ्रेंच असल्यामुळें इंग्रजी त्यांस पुढें कष्टानें कमवावी लागली, ही गोष्ट आमच्या मराठी विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. या सर्व येरझारा आगबोटीनें होत, आणि एकेका सफरींत आठवडेच्या आठवडे समुद्रावर जात. अंतर म्हणजे काय, हें त्या मुलास भूगोलाच्या पुस्तकांतून शिकण्याची गरज पडली नसावी.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें या कुटुंबाची उन्हाळ्यांत राहण्याची जागा होती, आणि जवळच लुई ब्लेरियो या गृहस्थाचें घर होतें. ता. २५ जुलै १९०९ रोजीं हा ब्लेरियो स्वतः बांधलेल्या विमानांत बसून कॅले शहराजवळून उडाला व इंग्लंडांतील डोव्हर येथें उतरला. अंतर सुमारें ३७ किलोमीटर, वेळ सुमारें ३६ मिनिटें. म्हणजे ताशीं साधारण ६० किलोमीटर. आज आमची एस. टी. मोटार चांगल्या सडकेवर तेवढी चालते. पण विमानांतून ती खाडी तोंवर कोणी ओलांडली नव्हती. त्या दिवशीं जहांगीर यांस पांच वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उणे होते. आर्देलोच्या वाळूवर पुढें विमानें उतरत, तीं त्यांनीं डोळे भरून पाहिलीं, आणि १९१९ सालीं पंधराव्या वर्षीं तेथूनच ते प्रथम विमानांत बसून थोडा वेळ फिरून आले. वैमानिक व्हावयाचें हा निश्चय त्यांनीं त्या दिवशीं केला असें सांगतात.

१९२३ सालीं आईचा मृत्यू झाला. केंब्रिजला जाऊन यंत्रशास्त्र शिकण्याची जहांगीर यांची मोठी इच्छा होती. ती फळास आली नाहीं. फ्रेंच फौजेंत सक्तीची नोकरी करून १९२५ सालीं ते वडिलांच्या आज्ञेवरून टाटांच्या पेढींत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं वडीलही निवर्तले. बाविसाव्या वर्षीं घराचा भार अंगावर आला. कॉलेजचें तोंड न पाहिल्याची खंत त्यांस जन्मभर राहिली, व ती त्यांनीं रात्रीं जागून पुस्तकें वाचून भरून काढली. आम्ही पदवीधर मंडळी पदवी भिंतीवर टांगून जें पुष्कळदां विसरतों, तें त्यांनीं पदवीवांचून केलें.

१९२९ च्या आरंभीं मुंबईंत विमान शिकविणारा क्लब निघाला, तेव्हां हे तेथें पहिल्याच मंडळींत जाऊन उभे राहिले. थोड्याच तासांच्या शिक्षणानंतर त्यांस एकट्यानें उडण्याची परवानगी मिळाली, आणि ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना हातीं आला. हिंदुस्थानांत देण्यांत आलेल्या परवान्यांत त्यावर अनुक्रमांक एक होता. याच वर्षीं त्यांनीं फ्रेंच नागरिकत्व सोडलें.

पुढल्या वर्षींची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगितली पाहिजे. आगाखान यांनीं ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें : जो हिंदी मनुष्य इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर विमानांतून एकटा, ठरलेल्या मुदतींत, प्रथम तोडील त्यास तें मिळावयाचें. दिशा कोणतीही चालेल. तिघे तरुण पुढें आले. मनमोहन सिंग व आस्पी इंजिनियर हे इंग्लंडाकडून निघाले. जहांगीर १९३० च्या मे महिन्यांत आपलें जिप्सी मॉथ जातीचें विमान घेऊन कराचीहून उलट दिशेनें निघाले. या विमानांत वैमानिकाची बैठक उघडी असे. डोक्यावर ऊन, तोंडावर वारा, मांडीवर नकाशा. खालीं इराणचा किनारा, पुढें इराक, पॅलेस्टाईन, मिसर, मग भूमध्य समुद्र. दिवसांतून दोन-तीनदां उतरावें, पेट्रोल भरावें, रात्र पडली कीं मुक्काम करावा.

मिसर देशांत अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथें जहांगीर उतरले, तों तेथें आस्पी इंजिनियर अडकून पडलेले. वय अवघें १७ वर्षांचें. इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग बिघडलेला, आणि जवळ दुसरा नाहीं. दोघे एकाच बक्षिसाचे उमेदवार, आणि एकाची अडचण हाच दुसऱ्याचा फायदा. जहांगीर यांनीं आपल्याजवळचे जादा प्लग काढून त्यास दिले. दोघेही आपापल्या वाटेनें उडाले. आस्पी कराचीस आधीं पोंचला. जहांगीर लंडनास पोंचले तेव्हां बक्षीस थोडक्यांत गेलेलें होतें. मनमोहन सिंग यांची सफर पुरी झाली खरी, पण मुदत एका दिवसानें टळली. हा आस्पी पुढें स्वतंत्र भारताच्या विमानदळाचा १९६० ते १९६४ या काळांत सेनापति होता. आमच्या शाळेंत धांवण्याच्या शर्यतींत पाय आडवा घालणारे जे कांहीं वीर आहेत, त्यांनीं हा परिच्छेद पुन्हां वाचावा.

आतां टपालाकडे वळूं. विमानानें पत्रें नेण्याचा पहिला सरकारी प्रयोग जगांत कोठें झाला असेल, असें वाचकांस वाटतें? तो आपल्याच देशांत, अलाहाबाद येथें ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं झाला. आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें ६,५०० पत्रें घेऊन नदीपलीकडे नैनीपर्यंत सुमारें १० किलोमीटर उड्डाण केलें, आणि त्यास सुमारें १३ मिनिटें लागलीं. त्या पत्रांवर घेतलेली जादा वर्गणी तेथील एका मिशन वसतिगृहाच्या इमारतीस मिळाली, ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. पण तो एका प्रदर्शनांतला देखावा होता. नियमित टपाल निराळें.

नियमित टपालाची त्या काळची स्थिति अशी. आष्टीहून विलायतेस पत्र धाडावयाचें म्हटलें कीं तें परतुरास आगगाडींत चढे, मनमाडावरून मुंबईस जाई, आणि तेथून आगबोटीनें निघून सुमारें पंधरा दिवसांनीं लंडनास पोंचे. ता. ३० मार्च १९२९ पासून इंपीरियल एअरवेज या इंग्रज कंपनीनें लंडन ते कराची अशी विमानाची फेरी सुरू केली व सात दिवसांत पत्रें कराचीस येऊं लागलीं. परंतु विमान कराचीसच थांबे. मुंबई व मद्रास या बाजूचें टपाल तेथून पुढें आगगाडीनें मोठा वळसा घेत येई. पांच हजार मैल हवेंतून आलेलें पत्र शेवटचे कांहीं शें मैल जमिनीवर रेंगाळत होतें.

ही खोट नेव्हिल व्हिन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाच्या नजरेस आली. कराचीहून अहमदाबाद, मुंबई व बेळ्ळारी या मार्गानें मद्रासपर्यंत टपाल विमानानें न्यावें, अशी योजना घेऊन तो टाटांकडे आला. जहांगीर यांस ती तात्काळ पटली. अडचण होती ती वडीलधाऱ्यांची. सर दोराबजी टाटा वृद्ध झाले होते व या नव्या खेळांत पैसा घालण्यास राजी नव्हते. जॉन पीटरसन या वजनदार सहकाऱ्यानें शब्द टाकला, तेव्हां दोन लाख रुपये मंजूर झाले. सरकारचा होकार मिळण्यास पुढें तीन वर्षें लागलीं. अखेर सरकारी मदतीवांचून काम करण्याचें कबूल केल्यावर १९३२ च्या एप्रिलांत करार झाला. दोराबजी त्याच वर्षीं जून महिन्यांत परदेशीं वारले; पहिलें उड्डाण पाहण्यास ते राहिले नाहींत.

पहिल्या दिवसाचा हिशेब आम्हीं वर्गांत फळ्यावर मांडला होता, तो येथें देतों. ता. १५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जहांगीर टाटा पस मॉथ जातीच्या विमानांतून एकटेच निघाले. बरोबर टपालाच्या थैल्या, वजन सुमारें २५ किलो. जवळ धुळीचा चष्मा व गणित करावयाची सरकपट्टी. विमानांत बिनतारी यंत्र नाहीं, जमिनीवर वाट दाखविणारा दिवा नाहीं. होकायंत्र, घड्याळ आणि खालीं दिसणारी भूमि एवढाच आधार. कराची ते जुहू हें सरळ अंतर सुमारें ८७५ किलोमीटर आहे. परंतु एका इंजिनाच्या विमानांत पेट्रोलाचा सांठा मर्यादित, आणि सरळ वाटेवर आखाताचें पाणी आडवें येतें. म्हणून आधीं कच्छाच्या रणाच्या बाजूनें अहमदाबादेस सुमारें ५९५ किलोमीटर, आणि तेथून दक्षिणेस जुहूस सुमारें ४४० किलोमीटर, मिळून १,०३५ किलोमीटर जावें लागे. म्हणजे वळसा १६० किलोमीटरांचा. पस मॉथचा वेग ताशीं तेवढाच, सुमारें १०० मैल; वळशाची किंमत बरोबर एक तास.

अहमदाबादेस पेट्रोल तयार होतें. तें चार-चार गॅलनांच्या डब्यांतून बैलगाडीवर आणलेलें होतें. बैलगाडी विमानास इंधन पाजते, हें दृश्य आमच्या आष्टीच्या मुलांस इतर कोणाहूनही चांगलें कल्पितां येईल. डबे ओतून घेऊन जहांगीर पुन्हां उडाले आणि दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं जुहूच्या मैदानावर उतरले. एकूण ७ तास १५ मिनिटें. अहमदाबादेचा थांबा त्यांतच आला, हें वर्गांतील एका मुलीनें आमच्या आधीं ओळखलें. प्रत्यक्ष उड्डाण साडेसहा तासांचें धरल्यास वेगाचा मेळ बसतो. जुहूस व्हिन्सेंट दुसरें विमान घेऊन उभाच होता. दक्षिणेकडील टपाल घेऊन तो बेळ्ळारीस गेला, रात्र तेथें काढली, आणि दुसऱ्या दिवशीं मद्रासेस पोंचला. रात्रीं उडण्याची सोय नव्हती.

जुहूचें तें मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलट जमीन. पावसाळ्यांत तेथें पाणी सांचे. मग सारी मंडळी विमानें घेऊन पुण्यास येरवड्याच्या माळावर बिऱ्हाड करीत. कचेरी म्हणजे झावळ्यांनीं शाकारलेलें एक खोपट. दोन विमानें व मोजकीं माणसें. असें असूनही पहिल्या वर्षांत एकही फेरी चुकली नाहीं व वेळापत्रक पुरेंपूर पाळलें गेलें, अशी नोंद आहे. त्या वर्षीं या विमानांनीं सुमारें १,६०,००० मैल तोडले, दहा टनांहून अधिक टपाल नेलें आणि १५५ उतारूही पोंचविले. पश्चिम घाटावरचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्यास या नियमितपणाचें मोल कळेल. व्हिन्सेंट १९४२ सालीं युद्धकाळांत विमानानें विलायतेस जात असतां मारला गेला. टाटांच्या विमानसेवेचें मूळ त्याच्या डोक्यांतून निघालें. लोक त्याचें नांव फारसें घेत नाहींत, म्हणून आम्हीं येथें दोनदां घेतलें.

१९३८ सालीं, वयाच्या ३४ व्या वर्षीं, जहांगीर हे टाटा पेढीचे मुख्य झाले व त्या जागीं १९९१ पर्यंत राहिले. पोलाद, मोटारी, रसायनें, मुंबईंतील कर्करोगाचें रुग्णालय, होमी भाभा यांची संशोधनसंस्था, यांची हकीकत निराळ्या लेखाची आहे. मात्र इतक्या व्यापांतही विमानसेवेचें काम ते स्वतः पाहत. १९४६ सालीं तिचें नांव एअर इंडिया असें झालें.

ता. ८ जून १९४८ रोजीं रात्रीं मुंबईहून मलबार प्रिन्सेस नांवाचें चार इंजिनांचें कॉन्स्टेलेशन विमान लंडनास निघालें. कप्तान गझदर, उतारू ३५, त्यांत जहांगीर टाटा हेही. वाटेंत कैरो व जिनिव्हा असे दोन थांबे. या वळशानें अंतर सुमारें ७,९०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पांच हजार मैल होतें. अठरा वर्षांपूर्वीं याच गृहस्थास कराचीहून लंडन गांठण्यास नऊ-दहा दिवस लागले होते. आतां थांबे धरून साधारण एका अहोरात्राचें काम झालें. देशाला स्वातंत्र्य मिळून दहा महिने झाले होते, आणि भारताची पहिली परदेशगामी विमानफेरी वेळेवर पोंचली. उतरल्यावर त्यांस वाटलेलें समाधान आपण सहज समजूं शकतों.

या समाधानास किंमत पडली, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. ता. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं हेंच मलबार प्रिन्सेस जिनिव्हास उतरण्याच्या तयारींत असतां ढगांत माँ ब्लां पर्वतावर आदळलें, आणि आंतील ४८ माणसें गेलीं. पंधरा वर्षांनीं, ता. २४ जानेवारी १९६६ रोजीं, एअर इंडियाचें कांचनजंगा नांवाचें बोइंग विमान त्याच पर्वतावर, त्याच वाटेवर आदळलें. ११७ बळी. त्यांत होमी भाभा होते. जहांगीर यांचे मित्र, ज्यांची संस्था १९४५ सालीं टाटांच्या मदतीनें उभी राहिली होती. कॉन्स्टेलेशनचे तास जेटनें जवळजवळ निम्मे केले होते; पर्वत होता तेथेंच होता. वर्गांत अंतर व वेळ यांचीं गणितें घालतांना आम्ही मुलांस हे दोन आंकडेही सांगतों. कांहींजणांस तें आवडत नाहीं.

१९५३ सालीं सरकारनें सर्व विमानकंपन्या ताब्यांत घेतल्या. जहांगीर यांस ही गोष्ट मनापासून मान्य नव्हती, आणि त्यांनीं तसें उघड सांगितलें. तरी परदेशगामी सेवेचें अध्यक्षपद त्यांनीं पत्करलें व पंचवीस वर्षें बिनपगारी सांभाळलें. या काळांतल्या त्यांच्या बारीक नजरेच्या गोष्टी पुष्कळ आहेत. स्वतः उतारू म्हणून बसले कीं वही काढून टिपणें करीत : पडदा मळला आहे, खुर्ची नीट मागें होत नाहीं, चहा आणि कॉफी यांचा रंग ओळखूं येत नाहीं. तीं टिपणें दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांच्या मेजावर येत. कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसानें चहाचा रंग कशाला पाहावा? आम्हांस तें पटतें. जो शिक्षक वहींतील काना-मात्रा पाहत नाहीं, त्याचा निबंधावरचा शेरा मुलें मनावर घेत नाहींत. १९६० सालीं एअर इंडियाचीं जेट विमानें आलीं, त्याच वर्षीं न्यूयॉर्कपर्यंत फेरी गेली, आणि १९६२ सालीं केवळ जेट विमानें चालविणारी जगांतील पहिली कंपनी म्हणून तिचें नांव झालें.

ता. १ जानेवारी १९७८ रोजीं मुंबईहून दुबईस निघालेलें एअर इंडियाचें विमान वांद्र्याजवळ समुद्रांत पडून २१३ माणसें बुडालीं. पुढल्याच महिन्यांत सरकारनें जहांगीर यांस अध्यक्षपदावरून दूर केलें. वय ७३. आपलें हातानें वाढविलेलें कार्य अशा रीतीनें हातचें जाणें हा मोठा घाव होता, आणि तो त्यांनीं लपविला नाहीं. १९८० सालीं त्यांस मंडळावर परत घेण्यांत आलें. पण अध्यक्षपद पुन्हां मिळालें नाहीं.

ता. १५ ऑक्टोबर १९८२ या दिवशीं पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं. जहांगीर ७८ वर्षांचे होते. हृदयाचा त्रास होता, आप्तेष्ट व डॉक्टर चिंतेंत होते. ते कराचीस गेले आणि लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या लहान विमानांत एकटे बसून अहमदाबादेवरून मुंबईस आले. तीसाव्या वर्षीं, म्हणजे १९६२ सालींही त्यांनीं हें केलें होतें. पण तेव्हां ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. कराची आतां परक्या राज्यांत होती. जुहूस लोक वाट पाहत उभे होते, विमान टेकलें, आणि म्हातारा वैमानिक खालीं उतरला. जेट विमान हें अंतर दीड तासांत तोडतें, हें त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? तरी त्यांस त्या दिवशीं शंभर मैलांचाच वेग हवा होता.

१९९२ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें निधन झालें, आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमींत त्यांस आईवडिलांजवळ ठेवण्यांत आलें. ता. २७ जानेवारी २०२२ रोजीं एअर इंडिया टाटांकडे परत आली. तें पाहण्यास ते नव्हते.

राहतां राहिला कराची ते जुहू हा मार्ग. या दोन शहरांमधली थेट विमानसेवा पुढें बंद पडली, आणि १९२५ नव्हे, २०२५ च्या एप्रिल महिन्यांत, दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. आमच्या वर्गानें त्याचाही हिशेब काढला. त्या दिवसांत एखाद्या परकीय उतारूस कराचीहून मुंबईस यावयाचें झाल्यास दुबईवरून येणें भाग होतें. कराची ते दुबई सुमारें १,२०० किलोमीटर, दुबई ते मुंबई सुमारें १,९०० किलोमीटर. ८७५ किलोमीटरांच्या जागीं ३,१०० किलोमीटर. उड्डाणाचे तास मिळून सुमारें पांच, आणि मधल्या विमानतळावर पुढल्या विमानाची वाट पाहण्याचा वेळ निराळा. हा वेळ सव्वादोन तासांहून अधिक झाला, तर १९३२ चें पस मॉथ, बैलगाडीवरचें पेट्रोल भरून घेऊनही, आधीं पोंचतें.